दर उन्हाळ्यात उघडणारी भेग : खान्देशातल्या काळ्या जमिनीत पाया कसा निवडावा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग इतकी रुंदावते की तिच्यात रुपयाचं नाणं उभं जातं. मृगाचा पाऊस लागला की ती आवळायला लागते, आणि श्रावणात कानबाई बसवायच्या आधी घराला रंग द्यायची वेळ येते तोवर जवळजवळ मिटलेली असते. गवंडी वरून पुट्टी ओढतो, रंग चढतो, घर पुन्हा नवं दिसतं. पुढच्या चैत्रात तीच भेग, त्याच जागी, बहुतेक वेळा आधीपेक्षा थोडी लांब.

जळगाव, भुसावळ, चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा. तापीच्या खोऱ्यात काळ्या जमिनीवर जिथे जिथे नव्या वसाहती वाढल्या तिथे ही तक्रार ऐकायला मिळते. तिच्यावरची उत्तरंही ठरलेली असतात. सिमेंट कमी टाकलं, सळई बारीक वापरली, पाणी नीट मारलं नाही. यातलं काही खरं असूही शकतं. पण जी भेग ऋतूप्रमाणे उघडते आणि मिटते, तिचं मूळ भिंतीत नसतं. पायाखालच्या मातीत पाणी येतं-जातं, माती फुगते-आकसते, आणि पाया त्या मातीबरोबर वर-खाली होतो. म्हणून भिंतीवर केलेला इलाज उन्हाळाभरसुद्धा टिकत नाही. ज्यांचं घर आधीच बांधून झालंय त्यांच्यासाठी शेवटी लिहिलंय. पण ज्यांनी नुकताच बिनशेती प्लॉट घेतलाय त्यांनी हे आधी वाचावं, कारण पाया निवडायची संधी एकदाच मिळते.

आधी भेग ओळखा

प्रत्येक भेग पायाची नसते, आणि उगाच पायाच्या नावानं पैसे घालवायचं कारण नाही.

कॉलमच्या किंवा बीमच्या कडेनं सरळ रेघेत गेलेली बारीक भेग म्हणजे वीटकाम आणि काँक्रीट यांचा सांधा सुटलेला असतो. प्लास्टर करताना तिथे जाळी लावली नाही की ती येतेच. सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग असेल, तर ती उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, स्लॅब दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि खालची भिंत ओढतो. त्यावर इलाज गच्चीवर करायचा, पायात नाही. प्लास्टरवर जाळ्यासारख्या केसभर रेघा असतील तर तो प्लास्टर लवकर सुकल्याचा परिणाम, त्याची काळजी नको.

पायाची भेग तिरपी चालते. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघते, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढते. ती वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर घराचा कोपरा खाली बसतोय. उन्हाळ्यात असं होतं, कारण घराच्या बाहेरच्या अंगाची माती आधी वाळते. खाली रुंद आणि वर निमुळती असेल तर कडा उचलल्या जातायत किंवा मधला भाग खचतोय. हॉलच्या मध्यभागी फरशी फुगून वर आली असेल तर खालची काळी माती ओल धरून फुगतेय. घर बांधल्यावर मधल्या जमिनीतलं बाष्पीभवन थांबतं आणि तिथे ओल वर्षागणिक साठत जाते, त्यामुळे असं घुमटासारखं उचलणं चार-पाच वर्षांनीही दिसू शकतं.

पावसाळ्यात दार अडकलं म्हणून लगेच पायाला दोष देऊ नका, लाकूड ओलीनं फुगतंच. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तर दोष लाकडाचा, फरक पडला तर चौकट भिंतीसकट वाकलीय.

खात्री करायची असेल तर एक साधं काम करा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एक-एक छोटा स्क्रू पक्का बसवा आणि त्यांच्यातलं अंतर व्हर्नियर कॅलिपरनं मोजून भिंतीवरच पेन्सिलीनं तारखेसकट लिहा. मोजणी मेच्या मध्यावर, सप्टेंबरच्या मध्यावर आणि जानेवारीत करा. पारदर्शक नळीत पाणी भरून, म्हणजे गवंड्याच्या लेव्हल ट्यूबनं, घराच्या चारही कोपऱ्यांवर एकाच पातळीची खूण करा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा. अंतर कमी-जास्त होत राहिलं तर काळी माती. अंतर एकाच दिशेनं वाढत गेलं आणि कुठल्याच ऋतूत कमी झालं नाही, तर बहुधा खाली भराव आहे आणि तो बसतोय. या दोन्हींचे इलाज अगदी वेगळे आहेत.

जमीन कडक लागते, तरी

काळी माती म्हणजे बेसॉल्ट खडकाची हजारो वर्षं झीज होऊन तयार झालेली चिकणमाती. तिच्यात माँटमोरिलोनाइट गटाचं खनिज असतं. त्याच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरतात, पाणी गेलं की जवळ येतात. कपाशीच्या कोरडवाहू शेतात वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. तेच प्लॉटच्या खालीही होतं, फक्त दिसत नाही.

गोंधळ होतो तो इथे. पायाची खोदाई बहुतेक वेळा उन्हाळ्यात होते. तेव्हा ही माती इतकी टणक असते की पहारीचा आवाज येतो. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, जमीन एकदम कडक शे, चार-पाच फूट बास." तो खोटं बोलत नाही. वाळलेली काळी माती भार चांगलाच पेलते. पण भाद्रपदात तीच माती मऊ पडते आणि त्याआधी फुगून वर येते. म्हणजे प्रश्न माती किती वजन पेलते एवढाच नाही, ती वर्षभरात किती हलते हा खरा प्रश्न आहे. घराला जास्त सळई घालून हा प्रश्न सुटत नाही, कारण पाया ज्या थरावर टेकलाय तो थरच हलतोय.

हा हलणारा थर किती खोल असतो? रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी अंडर-रीम पाइलची, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या, तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांची पद्धत विकसित केली. त्या पाइलसाठी खोल काळ्या जमिनीत किमान ३.५ मीटर, म्हणजे साधारण साडेअकरा फूट लांबी धरली जाते, कारण त्याखाली ऋतूप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. आता आपल्याकडचा फुटिंगचा, म्हणजे कॉलमखालच्या रुंद काँक्रीटच्या पायाचा, नेहमीचा खड्डा आठवा. चार, पाच, फार तर सहा फूट. म्हणजे फुटिंग हलणाऱ्या थराच्या बरोबर मधोमध बसतं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे फार कमी लोक बघतात. जळगाव, रावेर, यावलच्या आसपास बरेच प्लॉट केळीच्या किंवा उसाच्या शेतातून पाडले जातात. वर्षानुवर्षं पाणी दिलेली ती जमीन खोलवर ओली असते. बिनशेती झाली, पाणी बंद झालं, की ती पुढची काही वर्षं हळूहळू वाळत जाते आणि बसत जाते. अशा जागी घाईनं उथळ पाया घातला तर घर खाली जातं. उलट वर्षानुवर्षं कोरडवाहू असलेल्या जमिनीवर घर बांधलं, की नळ, मोरी, बाग यांचं पाणी पहिल्यांदाच तिथे मुरतं आणि माती फुगते. त्यामुळे प्लॉट घेताना शेतकऱ्याला विचारून घ्या, इथे शेवटची पाच-सात वर्षं काय होतं, बागायत की कोरडवाहू. सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीतही याचा अंदाज मिळतो.

खाली काय आहे ते बघा

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे शेजारच्या शेतातली न बांधलेली विहीर. काठावर जपून उभं राहून आतल्या भिंतीकडे बघा. वर काळी, मग तपकिरी-पिवळसर माती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे, आणि त्याखाली मुरूम किंवा पुन्हा पिवळा गाळ. काळा थर किती फुटांवर संपतो हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. ढोबळ कल्पना यायला ते पुरेसं आहे, पण त्यावरून पाया ठरवू नका, कारण दोनशे फुटांवर चित्र बदलतं.

खान्देशात ते फारच बदलतं. तापीच्या काठच्या पट्ट्यात गाळाचे थर इतके जाड आहेत की पायाच्या खोलीत मुरूम लागायची आशाच धरू नये. सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावल-चोपड्याच्या उत्तर अंगाला, डोंगरातून वाहून आलेले गोटे, वाळू, भरड लागते. तिथे काळ्या मातीचा त्रास कमी. चाळीसगाव, पारोळा, धुळे, साक्री या वरच्या अंगाला अनेक ठिकाणी दोन-चार फुटांतच मुरूम लागतो, पण नाल्याकडेच्या सखल जागी त्याच गावात दहा फूट काळी सापडते. धुळे-नंदुरबारकडे तर बेसॉल्टच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, जमिनीत जागोजाग आहेत. प्लॉटचा एक कोपरा खडकावर आणि दुसरा काळ्या मातीत असंही होतं. असं घर हमखास फाटतं, कारण एक बाजू हलतच नाही आणि दुसरी हलत राहते.

जुन्या गावठाणातली पांढरी हा वेगळाच विषय आहे. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या धाब्याच्या घरांची माती, राख, कचरा यांचा तो थर असतो. खाली धान्याचं जुनं पेव किंवा बुजवलेला आड निघू शकतो. वीटभट्टीसाठी माती काढून नंतर कचऱ्यानं भरलेले खड्डे शहरांच्या कडेला प्लॉट म्हणून विकले जातात, तेही याच जातीचे. असा भराव लागला तर तो पूर्ण ओलांडून खाली जाणं किंवा काढून टाकणं, याला पर्याय नाही.

म्हणून प्लॉटवर किमान दोन ठिकाणी, समोरासमोरच्या कोपऱ्यात, जेसीबीनं चाचणीचा खड्डा घ्या. खड्डा खोल झाला की आत उतरू नका. काळ्या मातीची उभी भिंत वाळली की एकदम ढासळते आणि माणूस दबतो. वरून बघा, बकेटमधून निघालेली माती थरांप्रमाणे वेगळी ठेवा.

दुमजली किंवा त्यापेक्षा मोठं घर असेल तर मातीची तपासणी प्रयोगशाळेतून कराच. मात्र अहवालात फक्त भारवहन क्षमतेचा एक आकडा असेल तर तो आपल्या कामाचा नाही. त्यात बोअरमधले थर आणि त्यांची खोली, द्रव सीमा (किती ओलीला माती पातळ होऊन वाहू लागते), भूजलाची पातळी आणि मुख्य म्हणजे मुक्त फुगवटा, फ्री स्वेल इंडेक्स, असायला हवा. ही चाचणी आयएस, म्हणजे भारतीय मानक, २७२० (भाग ४०) मध्ये दिलीय आणि समजायला सोपी आहे. चाळलेली कोरडी माती १० ग्रॅम पाण्याच्या नळीत, १० ग्रॅम रॉकेलच्या नळीत टाकतात आणि २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा किती टक्के जास्त जागा घेते तो फुगवट्याचा आकडा. तो ५० च्या वर गेला तर साध्या उथळ फुटिंगचा विचार सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पाया कोणता?

काळी तीन-चार फुटांत संपत असेल तर फार विचार नको. ती पूर्ण काढा, फुटिंग पक्क्या मुरमात किमान फूटभर रोवा. इथे एकच पथ्य: मुरमाच्या तोंडावर थांबू नका. काळी आणि मुरूम यांच्या मधला पिवळसर, चिकट थरही फुगतो.

काळी पाच ते दहा फुटांपर्यंत असेल तर खर्चाचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. मुरमापर्यंत खोल खड्डे घेऊन उंच कॉलम उभे करता येतात, पण खोदाई, आधार आणि भराव यांचा खर्च वाढतो. आठ फुटांच्या पुढे बहुतेक वेळा अंडर-रीम पाइल परवडतात. दहा फुटांच्या खालीही काळी असेल किंवा मुरूम लागतच नसेल, तर पाइल हा माझ्या मते पहिला पर्याय.

हा पाइल म्हणजे साधारण २५ ते ३० सेंटिमीटर व्यासाचं भोक आणि तळाशी कांद्यासारखा फुगवटा. फुगवट्याचा व्यास खांबाच्या अडीचपट असतो. तो हलणाऱ्या थराच्या खाली, स्थिर मातीत बसवायचा असतो. पावसाळ्यात वरची माती फुगते तेव्हा ती पाइलला कडेनं धरून वर ओढते. तळाचा फुगवटा त्या ओढीला अडकवून धरतो. म्हणूनच पाइलमध्ये सळई वरपासून तळापर्यंत हवी. "पाइलला फक्त दाब येतो, खाली सळई कशाला," असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, काळ्या मातीत त्याला ताणही येतो.

आयएस २९११ (भाग ३) मधल्या तक्त्यात ३० सेंटिमीटर व्यासाच्या, एका फुगवट्याच्या साडेतीन मीटर पाइलला साधारण १६ टन भार धरलाय, दोन फुगवट्यांच्या पाइलला २४ टन. हे आकडे सुरुवातीच्या अंदाजासाठी. तुमच्या मातीत किती धरायचे ते इंजिनिअर ठरवेल. दोन पाइलमधलं अंतर फुगवट्याच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी नको, म्हणजे या मापात दीड मीटर.

काम सुरू असताना साइटवर उभं राहून एवढं बघा. फुगवटा कापणाऱ्या हत्याराचं हँडल पूर्ण खाली जाऊन बकेटमध्ये माती यायची थांबली, तरच फुगवटा पूर्ण झाला. तळाशी सुटी माती राहू नये. काँक्रीट त्याच दिवशी, नरसाळ्यातून. रात्रभर उघडं राहिलेलं भोक सकाळी पुन्हा साफ केल्याशिवाय भरू देऊ नका. नदीकाठी भूजलाच्या खाली वाळूचा थर लागला तर भोकाच्या कडा ढासळतात आणि फुगवटा तयारच होत नाही. तिथे कडा धरून ठेवायला बेंटोनाइट मातीचा पातळ गारा वापरणारा अनुभवी ठेकेदार हवा किंवा वेगळा पाया. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्यांत ऑगर, म्हणजे भोक पाडायचं हत्यार, चालतच नाही, पण तिथे त्याची गरजही सहसा पडत नाही.

आता ज्या गोष्टीत सगळ्यात जास्त घरं बिघडतात ती. पाइल घातले, पैसे खर्च केले, आणि प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीचा बीम, सरळ काळ्या मातीवर ओतला. मग माती फुगते, बीमला खालून ढकलते आणि पाइलचा सगळा फायदा जातो. त्याच आयएस कोडमध्ये फुगणाऱ्या मातीत बीमच्या खाली किमान ८० मिलिमीटर मोकळी जागा सोडायला सांगितलीय. सेंट्रिंगची फळी लावून बीम ओतायचा, नंतर फळी काढून घ्यायची आणि ती फट बाहेरच्या बाजूनं विटेच्या पातळ आडोशानं झाकायची, म्हणजे माती आत घसरत नाही. सव्वातीन इंच रिकामी जागा, दुसरं काही नाही. पण मिस्त्री ती "बीमला आधार नको का?" म्हणून भरून टाकतात. बीमचा आधार पाइल आहेत, हे आधीच बसून समजावून सांगा.

राफ्टविषयी बरेच जण विचारतात. सगळं घर एकाच ताठ, सलग काँक्रीटच्या स्लॅबवर बसवायचं, म्हणजे हललं तर सगळं मिळून हलेल, हा विचार बरोबर आहे. पण त्यासाठी राफ्टला खोल बीमच्या फासळ्या हव्यात. सहा इंचांचा सपाट स्लॅब जमिनीवर ओतून त्याला राफ्ट म्हणणं ही फसवणूक आहे, तो मातीबरोबरच वाकतो.

काळी खोदून मुरूम भरण्याचा पर्याय हलक्या घरांसाठी चांगला आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मुरमाच्या थराची पद्धत मांडली, आणि कालव्यांच्या अस्तराखाली ती वापरली जाते. साधारण मीटरभर जाड, दाबून बसवलेला असा थर खालच्या काळीचं फुगणं बरंच अडवतो. यात लोक हमखास वाळू भरतात. वाळू नको. ती पाणी सहज खाली सोडते, खड्ड्यात पाणी तुंबतं आणि काळीला बारा महिने पाजत राहतं. मुरूम थोडा चिकट हवा, १५ सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस किंवा रोलर. रस्त्याच्या खोदाईतली काळी-मिश्रित माती "मुरूम" म्हणून ट्रॉलीनं येते. एका बादलीत मूठभर भिजवून बघा, चिखल होऊन हाताला चिकटून बसला तर ट्रॉली परत पाठवा. फरशीखालीही हेच. निदान दोन-तीन फूट काळी काढून मुरूम भरल्याशिवाय कोबा टाकू नका.

घरकुल योजनेतल्या घरांची अडचण मी जवळून बघतो. २५ चौरस मीटरचं घर, पैसे हप्त्यांनी, त्यात पाइल कुठून आणायचे? तरीही काही करता येतं. पायाच्या चरात दोन-अडीच फूट दाबलेला मुरूम, जोत्याच्या पातळीवर आणि दारा-खिडक्यांच्या वर सलग आरसीसी पट्टा, आणि घर लांबट न ठेवता चौकोनी आखणी. लांबट घर आधी फाटतं. एवढ्यानं घर हलायचं थांबणार नाही, पण फाटणं पुष्कळ कमी होतं. यातला पट्टा तर कुणीही वगळू नये, त्याला लागणारी सळई आणि काँक्रीट नंतरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्तच पडतं.

खड्डा कोणताही असो, तो उघडा ठेवू नका. वैशाखातल्या उन्हात आठ दिवस राहिलेल्या खड्ड्याच्या तळाला भेगा पडतात. त्यावर पीसीसी, म्हणजे फुटिंगखालचं साधं बिनसळईचं काँक्रीट, ओतलं तर पहिल्या पावसात ती माती फुगून फुटिंगला उचलते. शेवटचे सहा इंच खोदायचे राखून ठेवा, पीसीसीच्या दिवशी सकाळी काढा आणि त्याच दिवशी ओता. आणि फुटिंगच्या वर परत भरताना निघालेली काळी पुन्हा टाकू नका. ती सुटी बसते, कॉलमच्या कडेनं पाणी थेट तळापर्यंत पोचवते.

घर उभं आहे आणि भेगा पडतायत

इथे क्रम महत्त्वाचा आहे. पुट्टी सगळ्यात शेवटी.

आधी पाण्याचा बंदोबस्त. मातीतली ओल वर्षभर एकसारखी राहिली तर काळी माती शांत राहते. घराभोवती दीड ते दोन मीटर रुंद फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा करा, उतार बाहेरच्या बाजूला, भिंतीशी सांधा डांबरानं किंवा सीलंटनं बंद. पन्हाळीचं पाणी जोत्यापाशी पडत असेल तर पाइप लावून लांब न्या. मोरीचा आणि शौचालयाचा पाइप बऱ्याचदा पायाजवळच फुटलेला असतो. घर हललं म्हणून पाइप फुटतो, पाइप फुटला म्हणून घर आणखी हलतं. तो तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. शोषखड्डा आणि पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा घराला चिकटून नको. पाणी मुरवणं अत्यंत गरजेचं काम आहे, पण काळ्या जमिनीत ते पायापासून निदान पाच मीटर लांब करा.

झाडं. वड, पिंपळ, कडुनिंब उन्हाळ्यात खोलवरून ओल ओढतात. पूर्ण वाढल्यावर झाड जितकं उंच होणार तितकं अंतर घरापासून ठेवावं. पण घराजवळ मोठं जुनं झाड आधीच असेल तर भेग दिसली म्हणून ते एकदम तोडू नका. त्यानं वाळवून ठेवलेली माती ओल धरून फुगते आणि उलट दिशेनं नव्या भेगा पडतात. टप्प्याटप्प्यानं छाटणी करा.

मागाहून वाढवलेली मोरी किंवा पुढचा ओटा मूळ घराला जिथे जोडलाय तिथेच उभी भेग असेल, तर घाबरू नका. दोन्हींचे पाया वेगवेगळ्या खोलीवर आहेत, ते वेगवेगळे हलणार. तिथे सिमेंट कोंबण्यापेक्षा सांधा सरळ कापून घ्या आणि लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा.

पाण्याचा बंदोबस्त झाल्यावर एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक उन्हाळा आणि एक पावसाळा, स्क्रूंमधलं अंतर मोजत राहा. हालचाल मंदावली की मगच भेग बुजवा. कडक मॉर्टर भर उन्हाळ्यात भरू नका, कारण तेव्हा भेग पूर्ण उघडी असते, पावसाळ्यात ती मिटू पाहते आणि मॉर्टर शेजारची वीट फोडतं. श्रावणात भरलं तर वैशाखात पुन्हा उघडतं. कार्तिक-मार्गशीर्षात भेग मधल्या रुंदीवर असते, तो काळ बरा. विटांच्या सांध्यात दर चार-सहा थरांना भेगेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जाईल अशी ६ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची सळई बसवून टाके घालता येतात. त्यानं भिंत पुन्हा एकसंध होते.

भेग ५ मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, कॉलम किंवा बीममध्येच तडा असेल, किंवा कोपरा उघडपणे कलला असेल, तर गवंड्याच्या भरवशावर राहू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. पायाखाली नवा आधार घालायचं काम खर्चीक आणि जोखमीचं असतं, ते त्याच्याच देखरेखीखाली होतं. त्याला बोलावण्याआधी मे आणि सप्टेंबरच्या मोजण्या, भेगांचे तारखेसकट फोटो, मूळ पाया किती फुटांवर आहे आणि प्लॉटवर आधी काय पिकत होतं एवढं एका कागदावर लिहून ठेवा. मोजण्या नसतील तर तो आधी त्याच घ्यायला सांगेल आणि तुमचं एक वर्ष तिथेच जाईल.